गंज पेठेतलं घर आणि त्याचं पाणी

पुण्यातला जुना वाडा दाखवायची एक ठरलेली रीत आहे. वाडा किती चौकी, दिंडी दरवाजा केवढा, खांब सुरूदार आहेत की साधे, कडीपाटाला सागवान किती लागलं, कारंजं कुठे होतं, बांधणारा सरदार कोण आणि त्याला इनाम कशाबद्दल मिळालं. विश्रामबागवाडा असा तासभर सांगता येतो. नानावाडाही सांगता येतो. गंज पेठेतल्या फुलेवाड्याला ही रीत लावली तर सांगणं दोन मिनिटांत आटपतं. बांधकाम साधारण १८५२ सालचं. बैठं, कौलारू, मोजक्या खोल्यांचं घर. पुढे ओटा, अंगणात विहीर, मागे तुळशीवृंदावन. नक्षी म्हणावी असं काही नाही. त्याला वाडा म्हणायचं ते पुण्याच्या सवयीनं.

तरीही या शहरातलं एकच घर कोणाला दाखवायचं झालं, तर मी हेच दाखवीन. या घरात काय होतं यापेक्षा आत कोणकोण आलं, हाच याचा खरा इतिहास आहे.

माझी आत्या लग्न होऊन गंज पेठेत आली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. तिचे यजमान टिंबर मार्केटातल्या एका वखारीत हिशेब लिहायचे. आम्ही नदीपलीकडे राहणारी मुलं सुट्टीत तिच्याकडे जायचो. पश्चिमेकडच्या पेठांतल्या लोकांना पूर्व भाग म्हटलं की ट्रक, लाकडाच्या वखारी, भंगाराची दुकानं आणि मीठगंज पोलीस चौकी एवढंच डोळ्यांपुढे येतं. मला ती पेठ आत्याच्या पाण्याच्या भांड्यांमुळे आठवते. पहाटे नळ यायचा. बाया जिन्यात हंडे, कळश्या, प्लास्टिकचे कॅन ओळीनं लावून ठेवायच्या. भांडणं व्हायची आणि मिटायची. आत्या हातातली कळशी खाली ठेवत एकदा म्हणाली होती, "इथं पाण्यावरून भांडायला मिळतं ना, तेसुद्धा फुकट नाही मिळालेलं, बाळ. पलीकडे फुल्यांच्या घरी जाऊन विहीर बघ म्हणजे कळेल."

त्या वयात मला त्यातलं काही कळलं नव्हतं. पण फुलेवाड्याचा विचार करताना आजही मी पाण्यापासूनच सुरुवात करते.

पेशवाईत अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळांतून शहरात आणलं. शनिवारवाड्याच्या कारंज्यांना ते मिळालंच, शिवाय पेठापेठांत हौद बांधले गेले आणि लोक त्यांतून पाणी भरू लागले. फडके हौद, काळा हौद, पंचहौद ही नावं पुण्यात अजून चालतात, पाणी असो वा नसो. स्थापत्य म्हणून ती योजना खरोखर थक्क करणारी आहे. उताराचं गणित, गाळ खाली बसावा म्हणून ठेवलेले टप्पे, मध्ये मध्ये हवा जायला ठेवलेले उच्छ्वास. इतिहासप्रेमी मंडळी या उच्छ्वासांवर भरभरून बोलतात आणि मला ते ऐकायलाही आवडतं. पण हौदातून पाणी कोणी भरायचं आणि कोणी भरायचं नाही, हेही तेवढंच पक्कं बांधलेलं होतं. महार, मांग, चांभार यांनी हौदाला हात लावायचा नाही. कोणाला दया आली आणि त्यानं वरून ओंजळीत ओतलं तर प्यायचं, नाहीतर नदी आणि ओढे होतेच.

१८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला.

एवढंच एक वाक्य पाठ्यपुस्तकात असतं आणि आपण त्यावरून पुढे सरकतो. ते त्या घराच्या जागेवर उभं राहून वाचायला हवं. व्याख्यान देणं, शाळा काढणं, पुस्तक लिहिणं या गोष्टी माणूस घराबाहेर करतो आणि संध्याकाळी घरी परततो. घरचा पाणवठा खुला करणं वेगळं. ज्या पाण्यानं आपला स्वयंपाक होतो, ज्यात आपली भांडी बुडतात, तेच पाणी शेजारी, जातभाई, नातेवाईक यांच्या देखत दुसऱ्याच्या घागरीत जाणार. त्यानंतर तुमच्या घरी पाणी पिणारा प्रत्येक पाहुणा आपली बाजू ठरवूनच पेला उचलणार. त्याच वर्षी जोतीरावांचे वडील गोविंदराव वारले होते. जातीच्या दबावामुळे मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढणारे वडील तेच होते.

महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचललं ते २० मार्च १९२७ला. मधे एकोणसाठ वर्षं गेली. बाबासाहेब फुल्यांना आपल्या तीन गुरूंपैकी एक मानत, हे सगळ्यांना माहीत असतं. मला ते नातं पुस्तकांपेक्षा या दोन पाणवठ्यांमधून जास्त कळतं.

वडिलांनी घराबाहेर काढलं ती गोष्ट १८४९ची. त्याआधीच्या वर्षी बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली होती आणि शेतकरी-माळी घरातली अठरा वर्षांची सून तिथे शिकवायला जात होती. घर सुटल्यावर जोतीराव आणि सावित्रीबाईंना गंज पेठेतच उस्मान शेख यांनी आसरा दिला. फातिमा शेख त्याच घरातल्या. १० ऑक्टोबर १८५६ला सावित्रीबाईंनी आजारपणात माहेरी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिलं. आपण नसल्यानं फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असं त्या त्यात लिहितात. एका ओळीत केवढी ओळख आहे. फातिमा खरंच होती की नव्हती, यावरून हल्ली लोक मोठमोठ्यानं वाद घालतात. मला वाटतं, वाद घालण्याआधी ती ओळ हळू वाचावी. एका बाईच्या खांद्यावरचं काम आजारपणात दुसरीनं उचललंय आणि पहिलीचा जीव तिच्यासाठी तुटतोय, एवढं त्यात स्वच्छ दिसतं.

ही पेठही नेहमीच्या पेठांसारखी नव्हती. लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम याच गंज पेठेत होती. जोतीराव तिथे दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. लहुजींच्या घराण्यातली मुक्ता फुल्यांच्या शाळेत शिकली. १८५५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. बाजीरावाच्या राज्यात मांग किंवा महार तालीमखान्यापुढून गेला, तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, असं ती लिहिते. गुलटेकडी गंज पेठेपासून चालत जाण्याइतकी जवळ. आता तिथे मार्केट यार्ड आहे, रोज पहाटे कांद्याचे ट्रक लागतात. शाळेत जायला लागून जेमतेम तीन वर्षं झालेली मुलगी आपल्या गावाच्या मैदानाचं नाव घेऊन असं लिहिते. शिकवण्यातून काय साधलं हे विचारणाऱ्याला मी दुसरं काही दाखवणार नाही.

१६ नोव्हेंबर १८५२ला सरकारनं जोतीरावांचा शाल देऊन सत्कार केला तो विश्रामबागवाड्यात, मेजर कँडींच्या हस्ते. ज्या वाड्यात दुसरा बाजीराव राहिला, त्याच वाड्यात माळ्याच्या मुलाच्या खांद्यावर शाल पडली. पुण्यातल्या दोन वाड्यांची यापेक्षा चांगली भेट मला माहीत नाही. शाल घेऊन ते ज्या घरी परतले ते हे बैठं घर, असं मी मनात धरून चालते, कारण सांगितलं जाणारं बांधकामाचं सालही तेच आहे.

आता या घराच्या इतिहासातला सर्वांत जड भाग.

१८६३च्या सुमाराची हकिकत आहे आणि ती जोतीरावांनी स्वतः सांगितली आहे. समाजसुधारक बेहरामजी मलबारींच्या बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावरच्या टिपणावर मत देताना डिसेंबर १८८४मध्ये त्यांनी ती लिहिली. त्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. गरीब, चांगल्या घरातली. शेजारच्या एका शास्त्र्यानं तिला नादी लावलं आणि दिवस गेल्यावर हात वर केले. मूल झालं. घाबरलेल्या काशीबाईनं त्याचा गळा चिरला आणि गोवंड्यांच्या घरामागच्या विहिरीत टाकलं. ते सापडलं. खटला चालला आणि तिला जन्मठेपेच्या काळ्या पाण्यावर, अंदमानला पाठवलं. शास्त्र्याचं काही झालं नाही.

त्या काळी केशवपन केलेल्या बायका अशाच मरत होत्या, नाहीतर मारत होत्या, आणि शहर मान वळवून बसलं होतं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी खटला संपताच आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. ऐपत नसताना उघडलं, असं ते स्वतः लिहितात. मग पत्रकं छापली आणि ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चिकटवली. विधवांनो, इथे या, गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं हे तुम्ही ठरवा, ठेवलंत तर आम्ही सांभाळू, असा त्या पत्रकांचा आशय.

त्या पत्रकाचा विचार करते तेव्हा मला ती चिकटवणारी माणसं दिसतात. खळीचं भांडं, कुंचला, रात्रीची वेळ. सकाळी कोणीतरी ते वाचत असेल, तोंड वेंगाडत असेल, फाडत असेल. आणि कुठल्यातरी माडीवर, डोक्यावरून लाल आलवण घेतलेली एखादी बाई, अक्षर ओळख नसलेली, खालच्या माणसांच्या बोलण्यातून हा पत्ता टिपून घेत असेल. जुनागंज. फुल्यांचं घर.

१८८४पर्यंत अशा पस्तीस गरोदर विधवा इथे आल्या, असा आकडा त्याच लेखात आहे. त्यांच्या पस्तीस मुलांपैकी पाच जगली. बाकीची गेली. पोटातलं मूल लपवायला आयांनी आधीच जी विषारी औषधं घेतली असतील, त्यांनी ती पोटातच खंगली होती. हा आकडा वाचून मी बराच वेळ थांबते. पाच हा आकडा यशाच्या कुठल्याच कोष्टकात बसत नाही. तरी सावित्रीबाई एकवीस वर्षं पाणी तापवत राहिल्या, बाळंतपणं करत राहिल्या, बहुतेक वेळा मेलेलं किंवा मरणारं मूल हातात घेत राहिल्या. त्यांच्यावर शेणमातीचे गोळे फेकले गेले त्या प्रसंगाची चित्रं सगळीकडे असतात. या एकवीस वर्षांचं चित्र मला कुठे दिसलं नाही. स्वतःचं मूल नसलेली बाई हे करत होती, हेही विसरू नये.

त्या पाचांतला एक इथेच वाढला. १८७४मध्ये अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला.

या घराच्या दारातून मारेकरीही आत आले. चरित्रकार सांगतात ती गोष्ट १८५६ची आहे. रात्री दोघे हत्यारं घेऊन घरात शिरले. एक रामोशी, रोडे नावाचा, आणि दुसरा धोंडिराम नामदेव कुंभार. तुम्हाला मारायला पैसे मिळणार आहेत, असं त्यांनी सांगितलं. जोतीरावांनी मान पुढे केली, मारा म्हणाले, माझ्या मरणानं तुमच्या गरिबीचं काही भलं होत असेल तर होऊ दे. दोघांनीही हत्यारं टाकली. पुढे रोडे त्यांचा अंगरक्षक म्हणून राहिला आणि धोंडिराम शिकला, सत्यशोधक समाजाचा पंडित म्हणून ओळखला गेला, त्यानं 'वेदाचार' नावाचं पुस्तक लिहिलं. पुस्तक लिहिण्यापर्यंत गेलेला मारेकरी इतिहासात फारसा सापडत नाही. मला त्यातला शिकण्याचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. क्षमा एका रात्रीत करता येते. मारायला आलेल्याला अक्षरं शिकवायला वर्षं लागतात.

शिवाय विद्यार्थी होते. लांबून शिकायला आलेली गरीब मुलं या घरात राहायची, जेवायची. एवढं सगळं चालायला पैसा लागतो, आणि तो जोतीरावांनी कंत्राटदारी करून मिळवला हे फार कमी लोकांच्या लक्षात असतं. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचं धरण या कामांशी त्यांचा संबंध होता. ज्या धरणाचं पाणी पुढे पुण्याच्या नळांना आलं, आत्याच्या हंड्यातही आलं, त्याच्या बांधकामाला सामान पुरवणाऱ्यांत तेही होते. त्या कामांवर मजूर कसे नाडले जातात आणि अधिकारी-कंत्राटदार कसे खातात, हे त्यांनी जवळून बघितलं. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जी आग आहे, ती पुस्तकं वाचून आलेली नाही, साइटवर उभं राहून आलेली आहे. १८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते. १८८०मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या भेटीसाठी शहर सजवायला हजार रुपये खर्चायचा ठराव आला तेव्हा सबंध सभेत विरोध करणारे ते एकटे होते. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

डॉक्टर विश्राम रामजी घोले हे जोतीरावांचे स्नेही आणि डॉक्टर. त्यांची लाडकी लेक काशीबाई लहानपणीच गेली. तिला घरात बाहुली म्हणत. तिच्या आठवणीसाठी घोल्यांनी बुधवार पेठेत हौद बांधला आणि तो सर्व जातींसाठी खुला ठेवला. त्याला बाहुलीचा हौद म्हणतात. गंज पेठेतल्या एका घरी जे सुरू झालं, ते बारा-तेरा वर्षांत बुधवारात पोचलं. दोन्ही घरांच्या गोष्टींत एकेक काशीबाई उभी आहे, एक विहिरीपाशी आणि एक हौदापाशी. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो विसरता येत नाही.

जुलै १८८८मध्ये जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. त्यांनी डाव्या हातानं लिहायला घेतलं आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरं केलं. घरात पैसा उरला नव्हता. जोतीरावांचे स्नेही मामा परमानंद यांनी ३१ जुलै १८९०ला सयाजीराव गायकवाडांना मदतीसाठी पत्र लिहिलं, त्यात जोतीरावांइतकंच, किंबहुना जास्तच, सावित्रीबाईंच्या त्यागाचं कौतुक आहे.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इथून जवळच्या गुरुवार पेठेत पंचहौद मिशनमध्ये पुण्यातली बडी मंडळी व्याख्यानाला जमली होती. पाद्र्यांनी चहा आणि बिस्किटं पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसताच कपाला हात लावला. मग नावं छापली गेली आणि शहरात वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशांच्या प्रायश्चित्ताचा प्रश्न शंकराचार्यांपर्यंत गेला आणि पुढे दोन वर्षं धुमसत राहिला. मी टिळकांना किंवा रानड्यांना कमी लेखत नाही, त्यांची ओझी वेगळी होती. पण दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर, एका बैठ्या घरात, बावीस वर्षांपूर्वी आपला हौद खुला करणारा माणूस अंथरुणाला खिळून होता, आणि शहर एका कप चहावरून पेटलं होतं. पुण्याचं एकोणिसावं शतक मला या दोन जागांमधल्या अंतरात दिसतं.

२८ नोव्हेंबर १८९०ला पहाटे जोतीराव याच घरात गेले. आपल्याला जाळू नये, मिठात घालून पुरावं, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं. घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. वस्तीत पुरायला परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन करावं लागलं. अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे पुढे चालणाऱ्यानं हातात धरायचं मडकं, कोणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद काढला. दत्तक मुलाचा हक्क त्यांना मान्य नव्हता. सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवं स्वतःच्या हातात घेतलं आणि चालू लागल्या. नंतर अस्थी घरी आणल्या आणि जोतीरावांनी स्वतःसाठी सांगितलेल्या त्या जागेत ठेवल्या. घरामागचं तुळशीवृंदावन म्हणजे ती जागा.

सावित्रीबाई त्यानंतर सहा वर्षं जगल्या. १८९७च्या प्लेगात यशवंतला बोलावून घेऊन त्यांनी हडपसरच्या बाजूला ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याहून एका लहान मुलाला पाठीवर घालून आणताना त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. पुढच्या दहा वर्षांत यशवंतही गेला. त्याच्या मागे राहिलेल्या बाईला हे घर विकावं लागलं. इतक्या जणांना ज्या घरानं आत घेतलं, त्या घरात त्याच घरच्या सुनेला राहता आलं नाही. फुलेवाड्याबद्दल बोलताना लोक साधारणपणे १८९०ला थांबतात, फार तर १८९७ला. मला वाटतं, हा भागही फलकावर लिहायला हवा. महाराष्ट्रानं फुल्यांना महात्मा म्हटलं आणि त्यांच्या सुनेला उघड्यावर टाकलं, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आज घर राज्य सरकारचं संरक्षित स्मारक आहे. आतल्या भिंतींवर त्यांच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेले आहेत. कार्यकर्ते या जागेला समताभूमी म्हणतात. ११ एप्रिल, २८ नोव्हेंबर, ३ जानेवारी या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. निळे, पिवळे झेंडे, शाळेच्या मुली, गावाकडून टेम्पो करून आलेल्या बाया. जी माणसं एरवी कुठल्या वाड्याच्या पायरीशी थबकतात, ती इथे हक्कानं ओट्यावर बसून डबा सोडतात. २०२४च्या नोव्हेंबरात नव्वदी पार केलेले बाबा आढाव इथेच आत्मक्लेश उपोषणाला बसले होते. 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ त्यांचीच. सत्तरच्या दशकात ते गावोगाव फिरून दलितांसाठी विहिरी खुल्या करायला लावत होते. म्हणजे १८६८नंतर शंभराहून अधिक वर्षांनी तेच काम, तितक्याच निकडीनं करावं लागत होतं. त्यांना उपोषणाला बसायला हीच जागा सुचावी, यात काही नवल नाही.

भिडेवाडा आता नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ४ डिसेंबर २०२३च्या रात्री तो पाडला गेला, तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. वर्षानुवर्षं रखडून, मोडकळीला येऊन तो गेला याचं मला वाईट वाटतं, आणि आता तिथे चांगली शाळा उभी राहावी अशी इच्छाही आहे. फुलेवाड्याच्या बाबतीत वेगळी योजना आहे. जवळच सावित्रीबाईंचं स्मारक आहे, ती दोन्ही जोडून मोठा परिसर करायचा बेत आहे. मधल्या गल्ल्यांत कित्येक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या भाड्यानं राहताहेत. त्यांच्या घरांचं काय, हा प्रश्न तिथल्या प्रत्येक ओट्यावर बोलला जातो. मोकळी जागा हवी, वर्षाकाठी येणाऱ्या लाखो माणसांना सावली, पाणी, स्वच्छतागृह हवंच. पण या घराचा शेजार हा त्याच्या इतिहासाचाच भाग आहे. लहुजींची तालीम, मोमीनपुरा, हमाल, वखारीतले कामगार, नळावर भांडणाऱ्या बाया, हे सगळे होते म्हणून इथे फुले घडले. त्यांना दूर कुठल्यातरी इमारतीत नेऊन ठेवायचं आणि इथे ग्रॅनाइटचं पटांगण करायचं, हे मला पटत नाही. आधी त्यांना पेठेतच, चालत येता येईल अशा अंतरावर पक्की घरं द्या आणि मगच पहिली भिंत पाडा, एवढं म्हणणं जास्त होतं असं मला वाटत नाही.

आणि स्मारक मोठं करणारच असाल तर दोन गोष्टी जरूर करा. पहिली, अंगणात चोवीस तास चालणारा पिण्याच्या पाण्याचा नळ, कुलूप न लावलेला. दुसरी, १८६३च्या त्या पत्रकाचा आशय साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात, बाहेरच्या रस्त्याकडच्या भिंतीवर लिहा. तिथून जाणारी कॉलेजातली मुलगी, धुण्याभांड्याला निघालेली बाई, वखारीतून सुटलेला पोरगा, यांना ते आत न येताही वाचता आलं पाहिजे. मूळ पत्रकही रस्त्याच्याच कोपऱ्यावर चिकटवलेलं होतं.